ओपन फेस हेल्मेटला कोणती काच लावावी? चष्मा आहे, सिंहगड रोडची धूळ आहे

धायरी_ते_शिवाजीनगर

नमस्कार मंडळी. माझं रोज धायरी ते शिवाजीनगर जाणं-येणं असतं, अ‍ॅक्टिव्हावर. हेल्मेट ओपन फेस आहे, आयएसआय मार्कचं. पुढे छोटी टोपी आणि तिच्या वर कपाळावर तीन टिचबटणं. काच मात्र नाही. मुलाने घेऊन दिलंय आणि डोक्याला इतकं नीट बसतं की ते बदलायची माझी तयारी नाही. मला मानेचा त्रास आहे. जड हेल्मेट घातलं की संध्याकाळपर्यंत खांदे भरून येतात.

त्रास सगळा चेहऱ्याला होतो. सिंहगड रोडवर इतकी वर्षं या ना त्या कामाची धूळ उडतेच आहे. डंपरच्या मागे राहिलं की बारीक कच चष्म्याच्या कडेने डोळ्यात शिरते. परवा राजाराम पुलाच्या चौकात डोळ्यात काहीतरी गेलं. एक डोळा मिटून गाडी कडेला घेईपर्यंत जीव मुठीत होता. मागे बस होती. पावसात चष्म्यावर थेंब, आणि रात्री समोरून अप्पर मारत येणाऱ्या गाड्या, हे वेगळंच.

चष्मा प्रोग्रेसिव्ह आहे, उन्हात काळा होणारा. जाऊबाईंकडे काळी बबल, म्हणजे फुगीर काच आहे. छान दिसते आणि त्या म्हणतात डोळ्याला गार वाटतं. दुकानात गेले तर त्याने समोर सात-आठ काचा टाकल्या, सपाट, बबल, काळी, पिवळी, आरशासारखी, आणि म्हणाला, "मॅडम, कुठलीही घ्या, सगळ्या बसतात."

तर विचारायचं ते असं: सपाट घ्यावी की बबल? पारदर्शक की काळी? चष्म्याला टेकणार नाही ना? आणि काचेच्या आड माझा चष्मा उन्हात काळा होईल का? कृपया वापरलेल्यांनी सांगावं.

नवले_पुलावरून_रोज

ताई, तुम्ही हेल्मेट बदलायचं नाही म्हणालात, तरी एकदा सांगतोच. काच कितीही चांगली लावली तरी ती धूळ, किडे, पाऊस आणि वारा अडवते. हनुवटी आणि जबडा उघडाच राहतो. पडताना माणूस पुष्कळदा तोंडावर पडतो आणि तिथे पातळ प्लास्टिकचा उपयोग शून्य. मी रोज नवले पुलावरून जातो. तिथल्या उतारावर कसे अपघात होतात ते सगळ्या पुण्याला ठाऊक आहे. तुमचा रस्ता आतला आहे, वेग कमी आहे, हे मान्य. पण कधी कात्रज बायपासला किंवा सातारा रस्त्याला लागणार असाल तर घरात एक फुल फेस असू द्या. हल्ली पुढचा भाग वर उचलला जाणारीही मिळतात, चष्मा न काढता घालता येतात. फक्त ती वजनाला जास्त असतात, तेव्हा मानेचा विचार करून, डोक्यावर घालून बघूनच घ्या.

भिंगवाला

ताई, मी चष्मेवाला. वडिलांनी पेठेत सुरू केलेलं दुकान चालवतो आणि शहरात ओपन फेस घालूनच फिरतो. नवले पूलवाल्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे आणि हायवेला मीही फुल फेसच घालतो. पण शहरात तुम्ही हेच हेल्मेट घालणार आहात, तर त्यावरची काच नीट निवडली पाहिजे. मी तुमच्या प्रश्नांचा क्रम जरा बदलतो. आकार आणि रंग नंतर. आधी बघायचं ते हे, की त्या काचेतून पलीकडचं सरळ दिसतं का.

तुमच्या डोळ्यापुढे आधीच एक भिंग आहे आणि तेही प्रोग्रेसिव्ह. त्यात वर लांबचा नंबर, मधून खाली उतरणारी अरुंद पट्टी, तळाला वाचायचा नंबर, आणि दोन्ही बाजूंना थोडं वेडंवाकडं दाखवणारा भाग असतो. तो काढून टाकता येत नाही, भिंगाची रचनाच तशी आहे. चष्मा नवीन असताना जिना उतरताना पायऱ्या हलल्यासारख्या वाटल्या असतील, त्या याचमुळे. नंतर मेंदू सरावतो. आता या चष्म्यापुढे लाटा असलेली काच आली की कडेचा तो बिघाड वाढतो. डावीकडून गल्लीतून घुसणारी रिक्षा नेमकी त्याच भागात असते. मान वळवली की रस्ता डुलल्यासारखा होतो, आणि घरी गेल्यावर डोकं चढतं ते वेगळं. माझ्याकडे लोक चष्म्याची तक्रार घेऊन येतात, चष्मा तपासावा तर तो बरोबर असतो, आणि मग विचारता विचारता कळतं की गाडी चालवल्यावरच डोकं दुखतं. तेव्हा मी हेल्मेट आणायला सांगतो.

दुकानातल्या दुकानात करायची तपासणी सांगतो, हिला पैसे लागत नाहीत. काच हाताच्या अंतरावर धरा आणि तिच्यातून रस्त्यापलीकडच्या बंद दुकानाचं शटर बघा. शटरच्या आडव्या पट्ट्या असतात ना, त्यांच्यावर नजर ठेवा. आता काच अगदी सावकाश वर-खाली सरकवा, मग डावी-उजवी. पट्ट्या होत्या तिथेच सरळ, स्थिर राहिल्या तर काच चांगली. काचेबरोबर त्याही सरकल्या, किंवा उलट दिशेला गेल्या, तर त्या जागी काचेत नंबर आहे. आम्ही भिंगाचा नंबर यंत्राशिवाय ओळखतो तो याच पद्धतीने. पट्ट्या पाण्यात पडल्यासारख्या डुलल्या तर काच ठेवून द्या, पुढची मागा. मधला भाग बहुतेक काचांचा बरा असतो. खोट सापडते ती कडेला आणि खालच्या वळणावर, म्हणून तिथे जास्त वेळ द्या. दुकानदार घाई करेल, करू द्या.

सपाट आणि बबल यांतला फरक याच तपासणीत समजतो. सपाट म्हणतात ती काच एकाच दिशेने वाकवलेली शीट असते, त्यामुळे जाडी सगळीकडे जवळजवळ सारखी. बबल दोन्ही दिशांनी फुगवलेली. स्वस्त बबल शीट तापवून ताणून करतात, ताणताना ती कुठे पातळ होते, कुठे जाड राहते, आणि लाटा येतात. चांगल्या साच्यातली बबल स्वच्छ असते, मी बघितल्या आहेत, पण त्या महाग. बबलचा खरा फायदा चष्मेवाल्यांनाच आहे, कारण ती चेहऱ्यापासून लांब राहते. तोटा असा की खालून वारा भरतो आणि वेग वाढला की हेल्मेट वर आणि मागे ओढलं जातं. तुमची मान दुखते. म्हणून मी तुम्हाला लांब सपाट काच सांगेन, हनुवटीच्या खाली बोटभर येणारी. चष्मा घालून, हेल्मेट घालून, बक्कल लावून ती बसवा आणि बाहेरून तळव्याने हलकेच दाबा. फ्रेमला टेकली तर चालणार नाही. वाऱ्याने ती तितकी आत येतेच.

आता प्लास्टिक. काच पॉलीकार्बोनेटची हवी. बाजारात अ‍ॅक्रिलिकच्याही मिळतात आणि नुसत्या डोळ्याला त्या जास्त स्वच्छ वाटतात. त्यात खोटं काही नाही: अ‍ॅक्रिलिक साधारण ९२ टक्के प्रकाश पलीकडे सोडतं, पॉलीकार्बोनेट ८८ ते ९० टक्के. रंग फाकण्याचा जो आकडा आम्ही बघतो, अ‍ॅबे नंबर, तो अ‍ॅक्रिलिकचा ५७ च्या आसपास आणि पॉलीकार्बोनेटचा ३०. जास्त तितका चांगला. तरीही मी अ‍ॅक्रिलिक नको म्हणतो, कारण दगड लागला तर ते फुटून धारदार तुकडे होतात आणि ते तुकडे डोळ्यापासून दोन बोटांवर असतात. पॉलीकार्बोनेट वाकतं, चेपतं, सहसा फुटत नाही. लहान मुलांच्या चष्म्याला आम्ही तेच घालतो ते याच कारणाने. त्याचा दोष एक, ते मऊ असतं, चरे पटकन पडतात. म्हणून वर कडक कोटिंग आहे ना ते विचारून घ्या. हेल्मेटचं भारतीय मानक आयएस ४१५१ आहे, काचेचं वेगळं आहे, आयएस ९९७३. काचेवर किंवा पाकिटावर तो आकडा दिसला तर उत्तम.

रंगाचं सांगतो. तुमचा चष्मा काचेच्या आड नीट काळा होणार नाही. त्याला काळं व्हायला अतिनील किरण लागतात आणि पॉलीकार्बोनेट ते जवळजवळ सगळे स्वतःच अडवतं. चारचाकीत बसल्यावर पुढच्या काचेमागे तो काळा होत नसेल, तसंच. चष्मा बिघडला असं समजून कुणाकडे धावू नका. याची दुसरी बाजू अशी की डोळ्यांचं उन्हापासून रक्षण करायला काळी काच लागत नाही, पारदर्शक काचच ते करते. काळ्या काचेने फक्त उजेड कमी होतो. जाऊबाईंना दुपारी गार वाटत असेल, पण तुम्ही घरी परतता तेव्हा हिवाळ्यात सहालाच अंधारून येतं. युरोपच्या ईसीई २२.०५ या नियमात ८० टक्क्यांपेक्षा कमी प्रकाश सोडणाऱ्या काचेवर 'फक्त दिवसा वापरा' असा शिक्का सक्तीचा होता. आपल्याकडे फुटपाथवर मिळणाऱ्या कित्येक काळ्या काचांवर काहीच लिहिलेलं नसतं. त्यात पन्नाशीच्या पुढे डोळ्याची बाहुली अंधारात पूर्वीइतकी मोठी होत नाही, म्हणजे आत जाणारा उजेड आधीच कमी. त्यावर काळी काच लावून दिवे नसलेल्या पट्ट्यातला खड्डा कसा दिसायचा? पिवळीचंही तेच. रात्री चांगलं दिसतं म्हणून विकतात, पण तीही उजेड कमीच करते. आरशाची तर चर्चाच नको.

पारदर्शक घ्या. दुपारच्या उन्हाला तुमच्या नंबरचा गॉगल करून घ्या, तो आत घालता येतो आणि बोगद्यात, सावलीत काढताही येतो.

नाना_पेठेतला_फेरफटका

भिंगवाल्यांनी डोळ्याचं सांगितलं, मी बटणांचं सांगतो. "सगळ्या बसतात" हे दुकानदाराचं वाक्य सोडून द्या. तीन बटणांची पद्धत सगळीकडे दिसते, पण दोन बटणांमधलं अंतर प्रत्येक हेल्मेटला सारखं नसतं. काही हेल्मेटवर तर तीन बटणं नुसती टोपी लावण्यापुरती असतात. तेव्हा हेल्मेट हातात घेऊनच नाना पेठेत, गाड्यांच्या सामानाच्या बाजारात जा, फोटो दाखवून चालणार नाही. मधलं बटण आधी लावायचं, मग कडेची दोन. कडेची बटणं ओढून, ताणून लावावी लागत असतील तर ती काच तुमच्या हेल्मेटची नाही. आणि कुणी म्हणालं, "थांबा, ड्रिलने भोक पाडून देतो", तर हेल्मेट घेऊन सरळ बाहेर या. कवचाला भोक पाडलं की त्याच्या ताकदीचा भरवसा गेला.

टोपी आणि काच, दोन्ही एकाच बटणांवर असतील तर एकच राहते. टोपी काढावी लागेल.

अजून एक. तीन बटणांची साधी काच वर उचलता येत नाही. सिग्नलला वाफ धरली की बटणं काढत बसायचं का? त्यासाठी बिजागरीची पट्टी वेगळी मिळते. ती तीन बटणांवर बसते आणि काच तिच्यावर. तिच्यामुळे काच वर-खाली होते. थोडे जास्त पैसे जातात, पण पुण्यातल्या सिग्नलांना ती हवीच. घेताना काच वर करून हेल्मेट जोरात हलवून बघा, आपोआप खाली पडता कामा नये.

दुसरा मार्ग म्हणजे तुमच्या हेल्मेटच्या कंपनीची, कानाजवळ स्क्रूवर फिरणारी काच त्या मॉडेलला आहे का ते विचारा. बेळगावची वेगा, फरिदाबादची स्टड्स यांच्या बऱ्याच ओपन फेस मॉडेलना सुट्या काचा मिळतात. मात्र मॉडेलचं नाव अचूक लागतं, ते आतल्या लेबलवर असतं. तुमच्या हेल्मेटला बाजूला स्क्रू असेल तर हा मार्ग सगळ्यात सरळ.

खराडी_केशवनगर

मला बाकी तांत्रिक कळत नाही, पण काच लावाच. आमच्याकडे नदीकाठी संध्याकाळी किड्यांतून गाडी चालवायची म्हणजे काय ते विचारा. २०२४ च्या फेब्रुवारीत मुळा-मुठेवर डासांसारख्या किड्यांचे खांबच्या खांब उभे राहिले होते, ते व्हिडिओ सगळ्यांनी बघितले असतील. आम्ही त्याखालून घरी जात होतो. तोंड उघडायची सोय नव्हती.

एक अनुभव सांगते, ताईंना उपयोगी पडेल. आपण बायका स्कार्फ नाकावरून घट्ट बांधतो आणि वर काच लावतो. श्वास स्कार्फमधून वर चष्म्यावर येतो आणि पाच मिनिटांत चष्मा पांढरा. काचेवर वाफ नंतर धरते, आधी चष्म्यावर. काच लावल्यावर धुळीसाठी स्कार्फ इतका लागतही नाही. मी आता तो नाकाखाली ठेवते आणि गळ्याभोवती नीट गुंडाळते. गळ्याभोवती याचं कारण मांजा. हरित लवादाने २०१७ साली नायलॉन मांजावर बंदी घातली तरी संक्रांतीच्या आसपास तो रस्त्यावर आडवा येतोच. लांब काचेने चेहरा वाचेल एक वेळ, गळा उघडा राहतो. जानेवारीत मी जाड सुती ओढणी दुहेरी घेते.

आणि हेल्मेटच्या आत डोक्यावर स्कार्फची गाठ येऊ देऊ नका. हेल्मेट वर उचललं जातं आणि काचेची खालची कडही वर येते.

धायरी_ते_शिवाजीनगर

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं सविस्तर कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. काल हेल्मेट घेऊन नाना पेठेत जाऊन आले.

भिंगवालेकाका, शटरची तपासणी केली. पहिल्या दुकानातल्या बबल काचेतून समोरचं शटर अक्षरशः नागमोडी दिसलं. मी दुकानदाराला तेच दाखवलं तर तो स्वतःच दोन-तीन वेळा वर-खाली करून बघत बसला. दुसऱ्या दुकानात लांब सपाट काच मिळाली, पारदर्शक, पाकिटावर पॉलीकार्बोनेट लिहिलेलं. कडेच्या शेवटच्या दोन बोटांत पट्ट्या किंचित हलतात, बाकी सरळ. बिजागरीची पट्टीही घेतली. चष्म्याला टेकत नाही. काळीचा मोह सोडला, जाऊबाईंनाही हा धागा पाठवला आहे.

दोन शंका उरल्या. एक, उजव्या बटणाच्या भोकाभोवती बारीक रेषेसारखं काही दिसतंय. तडा आहे की साच्याची खूण? दोन, पुसायची कशाने? आमच्या सोसायटीत गाड्या धुणारा मुलगा म्हणतो, पेट्रोलच्या फडक्याने एकदम चकाचक होते.

भिंगवाला

पेट्रोल अजिबात नको! थिनर नको, घरातल्या खिडक्या पुसायचा अमोनियाचा स्प्रेही नको. कारण तुमच्या पहिल्या शंकेशीच जोडलेलं आहे, म्हणून दोन्हींचं एकत्र सांगतो.

पॉलीकार्बोनेट मजबूत खरं, पण जिथे ते ताणाखाली असतं तिथे पेट्रोलसारखं द्रव लागलं की आतून बारीक तडे जातात. बाहेरून धक्का लागावा लागत नाही. आणि या काचेत सगळ्यात जास्त ताण कुठे? बटणांच्या भोकांशी. आम्ही रिमलेस, म्हणजे भिंगाभोवती फ्रेम नसलेला चष्मा करतो तेव्हा भिंगाला भोक पाडून स्क्रू घालतो. साधं सीआर-३९, म्हणजे नेहमीच्या प्लास्टिकचं भिंग तिथे तडकतं, म्हणून रिमलेसला पॉलीकार्बोनेट वापरतो. पण तेही, भोकाची कड खडबडीत राहिली किंवा स्क्रू जास्त आवळला तर कालांतराने तिथूनच जातं. फ्रेम करून झाली की आम्ही भिंग दोन पोलराइज्ड काचांच्या मधे धरून बघतो, ताण कुठे आला आहे ते रंगीत पट्ट्यांत दिसतं.

हे तुम्हाला घरी करता येईल. मुलाकडे पोलराइज्ड गॉगल असेल तर तो घाला. मोबाईलवर पूर्ण पांढरं चित्र उघडा आणि मोबाईल हळूहळू फिरवा, बहुतेक मोबाईलवर एका कोनात स्क्रीन काळपट होईल. त्या कोनात ठेवून मधे हेल्मेटची काच धरा. इंद्रधनुष्यासारखे रंग दिसतील. थोडेफार रंग सगळ्याच काचांत असतात, त्यांना घाबरू नका. उजव्या भोकाभोवती दाट, बारीक, एकाला एक चिकटलेली वलयं दिसली आणि डाव्या भोकाला तशी नसली, तर तिथे ताण आहे. मग काच काढून नुसती हातात धरून पुन्हा बघा. वलयं कमी झाली तर दोष बसवण्यात आहे, बटणांचं अंतर जुळत नाही. तशीच राहिली तर काचेतच आहे. पावती असेल तर बदलून आणा.

गॉगल नसेल तर नखाने बघा. त्या रेषेवरून नख आडवं फिरवलं की अडकलं तर तडा पृष्ठभागावर आला आहे. गुळगुळीत गेलं आणि रेष दोन्ही बाजूंनी सारखी, सरळ असली तर साच्याची खूण असण्याची शक्यता जास्त. तड्याची रेष भोकातून निघून बाहेरच्या कडेकडे जाते आणि उजेडात तिरकं धरलं की चंदेरी चमकते.

पुसण्याचं सोपं आहे. कोरड्या फडक्याने कधीच पुसू नका. आपल्याकडची धूळ म्हणजे दगडाची कच आहे, काच पुसताना तुम्ही त्या कचेने घासत असता. एक मऊ सुती कापड पाण्यात भिजवून काचेवर दहा मिनिटं पसरून ठेवा. धूळ सुटते, चिकटलेले किडे नरम होतात. मग नळाखाली धरा. भांड्याच्या लिक्विड साबणाचा एक थेंब बोटावर घेऊन बोटानेच फिरवा, धुवा, आणि चष्म्याच्या मायक्रोफायबरने टिपून घ्या. पावसाळ्यात आतल्या बाजूला तोच साबण अगदी पातळ लावून, न धुता, नुसता पुसून ठेवला तर वाफ बऱ्यापैकी कमी धरते. दोन-तीन दिवसांनी पुन्हा लावावा लागतो. आतून वाफ न धरणारं कोटिंग आधीच असेल तर मात्र साबण लावू नका, नुसतं पाणी.

पाऊस सुरू झाला की लक्षात येईल: सपाट काच आणि कपाळ यांच्यामधे जी फट असते तिथून पाणी आत ओघळतं. फट पूर्ण बुजवू नका, हवा तिथूनच खेळते. दाराला लावतात ती फोमची पातळ पट्टी हेल्मेटच्या कडेला कपाळाच्या मधल्या भागापुरती चिकटवा, दोन्ही बाजूंनी जागा मोकळी सोडा. पट्टी चिकटवताना गोंद काचेवर येऊ देऊ नका, हेल्मेटवरही झटपट चिकटवणारं द्रव वापरू नका, पट्टीचा स्वतःचा गोंद पुरतो.

नाना_पेठेतला_फेरफटका

फोमच्या पट्टीचं छान सांगितलंत, मीही लावतो आता.

ताई, अ‍ॅक्टिव्हाच्या डिकीत काच लावलेलं हेल्मेट कोंबू नका. झाकण दाबलं की काच वाकलेल्या अवस्थेत तासन् तास राहते, खाली इंजिनाची ऊब असते, आणि भोकांवर ताण येतो तो हाच. हूकला अडकवा, किंवा बिजागरीवरून काच काढून पिशवीत वेगळी ठेवा.

धायरी_ते_शिवाजीनगर

मुलाच्या गॉगलने बघितलं. उजव्या भोकाशी दाट वलयं होती, डाव्या नाही. काच हेल्मेटवरून काढल्यावर ती जवळजवळ गेली. म्हणजे अंतराचा घोळ. बिजागरीची पट्टी पुन्हा नीट बघितली तर तिचं उजवं बटण तिरकं बसलं होतं. दुकानदाराने काही न बोलता पट्टी बदलून दिली, आता तिन्ही बटणं न ओढता लागतात.

दोन दिवस वापरते आहे. डंपरच्या मागे होते तरी डोळ्यात काही गेलं नाही. रात्री समोरचा उजेड अजून त्रास देतो, पण तो चष्म्यावरच्या जुन्या चऱ्यांमुळे असावा असं वाटतं. काका, चष्म्याची काच बदलायची तर अँटी-रिफ्लेक्शन कोटिंग घ्यावं का?

भिंगवाला

घ्या. चरे पडलेलं भिंग आधी बदला, कारण प्रत्येक चरा समोरच्या दिव्याचा उजेड फाकवतो. तोच नियम हेल्मेटच्या काचेला. रात्री दिव्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा दिसू लागल्या की पॉलिश करत बसू नका, काच बदला. अँटी-रिफ्लेक्शनचा फायदा असा की चष्म्याच्या पुढच्या बाजूवर आणि हेल्मेटच्या काचेच्या आतल्या बाजूवर जे एकमेकांचं प्रतिबिंब पडतं ते कमी होतं. नंबर काढून वर्ष झालं असेल तर आधी तपासून घ्या. आणि फ्रेम निवडताना हेल्मेट बरोबर घेऊन जा. काड्या सरळ आणि पातळ हव्यात, कानामागे जास्त वळलेल्या काड्या हेल्मेटमधे शिरताना चष्मा वाकडा करतात, आणि प्रोग्रेसिव्ह भिंग नाकावर जरा जरी खाली-वर झालं तरी लांबचं धूसर दिसतं.

खराडी_केशवनगर

ताई, ती सपाट काच आणि पट्टी मिळून किती पडलं? आणि दुकान नाना पेठेत नेमकं कुठल्या बाजूला? मला आणि मुलीला दोघींना घ्यायची आहे.